मारेकऱ्याचं वावर

यवतमाळच्या डॉक्टरनं घनश्याम भोयरला तीन गोष्टी सांगितल्या. हृदयाकडे जाणारी एक नस अर्धी बंद आहे, तेव्हा जिने चढू नका, मीठ कमी करा आणि काही मनाला लावून घेऊ नका. खैरखुटीत जिना एकच होता, ग्रामपंचायतीचा, आणि तो चढायची वेळ घनश्यामवर कधी आली नव्हती. मीठ जयानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच संध्याकाळी कमी केलं, इतकं की वरण कशाचं आहे ते विचारावं लागलं. राहिली तिसरी गोष्ट. ती एसटीतच मोडली. कळंब सोडून गाडी गावाकडे वळली आणि कंडक्टर नेहमीच्या सुरात ओरडला, "चला, मारेकरी कोण हाये? मारेकऱ्याचं वावर आलं."

घनश्याम निमूटपणे उठला. वावर, म्हणजे शेत, त्याचंच होतं. मारेकरीही तोच होता.

उतरून तो धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहिला आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, की आता आपण गेलो तर गाव काय म्हणेल. गाव म्हणेल, मारेकरी गेला.

त्याचं असं होतं. दिवाळी झाली की खैरखुटीत दंडार व्हायची. गावातल्याच पुरुषांनी सोंगं घ्यायची, ढोलकीवर नाचायचं, आणि मधूनमधून गावाला, सरकारला, ज्याला जमेल त्याला टोमणे मारायचे. दंडार आजूबाजूच्या गावांतही व्हायची, पण खैरखुटीचा एक रिवाज जादा होता. ज्यानं जे सोंग घेतलं, ते नाव पुढची दंडार होईपर्यंत त्यानं चालवायचं. रावण झालेला माणूस वर्षभर रावण. "रावणा, तुह्या म्हशीनं माही तूर खाल्ली," असं लोक कसलाही आवेश न आणता म्हणत, आणि रावणही म्हैस बांधून ठेवे. पुढच्या दिवाळीला तोच गडी हनुमान व्हायचा आणि मागचं सारं माफ. वर्षाचा तर प्रश्न, कोणी मनावर घेत नसे.

एकदाच घोळ झाला होता. घनश्यामचे सख्खे काका एका दंडारीत गाढव झाले आणि पुढच्या दंडारीची वाट न पाहता पौषातच वारले. तेरवीच्या पंगतीत लोक डोळे पुसत सांगत होते, "गाढव लय चांगला माणूस होता. कोणाच्या अध्यात नाई, मध्यात नाई." एक म्हातारा तर हुंदका देऊन म्हणाला, की असा गाढव या गावात पुन्हा होणार नाही. परगावहून आलेले व्याही पानावरून उठले. त्यांना रिवाज माहीत नव्हता.

तर शहाण्णव साल. कापसाचं ते बरं साल होतं. तसं पुन्हा येणार नाही हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. हाती वेळ होता, अंगात मस्ती होती, आणि दरवर्षी रावण मारून गाव कंटाळलं होतं. या वेळी पुढारी मारू, असं ठरलं. कोणता, यावर बैठक अडली. एका पुढाऱ्याचं नाव निघालं की वेशीकडचे उठून उभे राहत, दुसऱ्याचं निघालं की तांड्यातले, तिसऱ्याचं निघालं की बौद्धपुऱ्यातले. मेलेल्या पुढाऱ्याला पुन्हा मारायलाही आपल्याकडे परवानगी लागते. शेवटी धम्मरत्न मानवटकर बोलले. हे कळंबच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या वेळेवर येत नसल्यामुळे त्यांचं वाचन पुष्कळ झालं होतं.

"अमेरिकेचा अध्यक्ष घ्या," ते म्हणाले. "केनेडी."

केनेडीची जात गावात कोणाला माहीत नव्हती. त्याचा पक्ष तालुक्यात नव्हता. ठराव बिनविरोध मंजूर झाला.

मग मानवटकर साहेबांनी हकिगत सांगितली. त्रेसष्ट साल, डॅलस नावाचं शहर, उघडी मोटार, उंच इमारतीच्या खिडकीतून गोळी. मारेकरी धरला, तर दोन दिवसांत त्यालाच दुसऱ्या एकानं गोळी घातली, तीही पोलिसांदेखत. आयोग बसला. आयोग म्हणाला, एकट्याचंच काम. लोकांना ते अजून पटलेलं नाही.

"पोलिसाईदेखत?" उकंडानं विचारलं. उकंडाची फाट्यावर चहाची टपरी होती आणि दंडारीत आवाज काढायचं खातं त्याच्याकडे होतं.

"पोलिसांदेखत."

"मंग तं आपल्यासारखाच देस हाये," उकंडा म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं.

उघड्या मोटारीच्या जागी तांड्यातल्या शंकरसिंगची बैलबंडी आली, खिडकीच्या जागी मचाण. वखराच्या रुमण्याची, म्हणजे दांड्याची, बंदूक केली. गोळीचा आवाज म्हणून उकंडानं बंडीमागं बसून सुतळी बॉम्ब लावायचा होता. खरा केनेडी गाडीतून नुसता हात हलवत चालला होता असं मानवटकर सांगत राहिले, पण पुढारी भाषण न करता मरतो हे गावाला पटेना. तेव्हा त्यांनी एक पानभर भाषण लिहून दिलं. शेवटी "जय अमेरिका" आलं की बॉम्ब, बंदूक आणि केनेडीनं पडायचं, असा क्रम ठरला.

केनेडी झाला तोच शंकरसिंग. उंच, गोरा, भांग पाडणारा. त्याच्या शेजारी बंडीत बसायची बायको, जॅकलीन, गावचा पोस्टमन झाला, गुलाबी लुगडं नेसून. मारेकरी व्हायला कोणी तयार होईना. त्या बैठकीला घनश्याम उशिरा आला, बैलांना चारा टाकत होता. उशिरा येणाऱ्याला उरलेलं मिळतं.

आणि दंडारीच्या दिवशी काय झालं, तर शंकरसिंग बंडीत उभा राहिला, "माझ्या प्रिय अमेरिकावासीयांनो" अशी सुरुवात झाली, आणि मचाणावर घनश्यामनं विचार केला की पानभर भाषण आहे, तोवर खर्रा घोटून होईल. बंदूक खांबाला टेकवली. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन त्यानं दोन्ही हातांनी घोटायला घेतलं. भाषण अर्ध्यावरही आलं नसेल तोच खाली धडाम झालं. त्यानं पाहिलं तर केनेडी पडलेला, पोस्टमन छाती पिटतोय, आणि बंडीचा डावा बैल खाली बसलेला. घनश्यामनं खर्रा टाकला, झटकन बंदूक उचलून नेम धरला. नेमकं त्याच क्षणी सगळ्या गावानं मान वर करून मचाणाकडे पाहिलं.

बस. तिथून तो मारेकरी.

वर्षाचा प्रश्न होता. पण सत्त्याण्णवला दिवाळीच्या तोंडावर पाऊस आला आणि फुटलेला कापूस झाडावरच काळा पडला. दंडार पुढच्या वर्षावर गेली. पुढच्या वर्षी अळी आली. त्यापुढे भाव गेला. मग बीटी बियाणं आलं, आणि त्याच्या आधी नकली बीटी येऊन गेलं. कधी दंडार ठरायची, ढोलकीला शाई लागायची, आणि त्याच आठवड्यात गावातलं कोणीतरी वावरात सापडायचं, शेजारी फवारणीचा डबा. ढोलकी पुन्हा खोळीत जायची. असं चारदा झालं. चारही घरी साहेब लोक जीप घेऊन आले, सरकारी मदतीला पात्र की अपात्र ते ठरवून गेले. गावात दंडार झाली नाही ती नऊ वर्षं, आणि रिवाज काही मोडला नाही.

ज्याचं सोंग बरं होतं त्याचं बरं झालं. शंकरसिंग नऊ वर्षं अध्यक्षसाहेब राहिला. गावासाठी मेलेला माणूस म्हणून त्याला शाळेच्या समितीवर घेतलं, पाण्याच्या समितीवर घेतलं. पंचायतीची निवडणूक लागली आणि सरपंचपद बाईला राखीव निघालं, तेव्हा त्याची बायको भुरीबाई उभी राहिली आणि सहानुभूतीच्या लाटेत निवडून आली. प्रचाराला नवरा स्वतः सायकलवर फिरत होता, तरी लाट ओसरली नाही. पोस्टमनचे मात्र हाल झाले. "जॅकलीनबाई, माही मनीऑर्डर आली काय वं?" हे त्यानं दोन वर्षं ऐकलं आणि अर्ज करून बदली मागितली.

घनश्यामला बदली मागायची सोय नव्हती. वावर जागचं हलत नाही. रस्त्याकडेचं वावर म्हणून एसटीचा थांबाही त्याच्याच नावानं झाला. त्या नावाचा एक फायदा मात्र होता. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की लोक सांगत, "त्याले पुढं जाऊ द्या बाप्पा, तो मारेकरी हाये." कोणी अडवत नसे. पण तेरवीच्या पंगतीत जिनिंगची रांग कोणाला आठवते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उकंडाच्या टपरीवर गेला. धम्मरत्न मानवटकर आता निवृत्त होऊन तिथं पेपर वाचत बसत.

"साहेब," घनश्याम म्हणाला, "म्या त्याले मारलंच नाई."

मानवटकरांनी पेपर खाली केला. "हे नऊ वर्षांनी सांगून राह्यलात?"

"नऊ वर्सं सांगूनच राह्यलो. माह्या दोन्ही हातात खर्रा होता."

"सारेच मारेकरी असंच म्हणतेत," उकंडा चहा गाळत म्हणाला.

"तू गप बस बे. बॉम्ब तुह्याच हातात होता."

"म्या काय सोतःहून लावला? मले इशारा आला म्हणून लावला."

मानवटकरांचे कान टवकारले. "कोणाचा इशारा?"

"मांगून कोणीतरी म्हटलं, लाव बे."

"मागे कोण होतं?"

"म्या वळून पाह्यलं. मांगं कोणीच नव्हतं."

मानवटकरांनी चष्मा पुसला. निवृत्तीनंतर इतकं तेज त्यांच्या चेहऱ्यावर कोणी पाहिलं नव्हतं. "म्हणजे दुसरा माणूस," ते म्हणाले. "तिकडेही हाच संशय आहे." आणि तिथल्या तिथं एकसदस्यीय आयोग स्थापन झाला. सदस्य तेच होते. कार्यालय टपरीच्या बाकावर. कोणालाही कसलं मानधन नव्हतं, त्यामुळे गावाचा आयोगावर विश्वास बसला.

साक्षी सुरू झाल्या. कापूस वेचून आलेले लोक गाठोडी बाजूला ठेवून साक्षी ऐकू लागले. कोणी म्हणे धूर आधी दिसला, कोणी म्हणे आवाज आधी आला. एकानं शपथेवर सांगितलं की गोळी विहिरीकडून आली. तो त्या रात्री गावातच नव्हता, सासुरवाडीला होता, हे त्याच्या सासऱ्यानंच सांगितलं. सगळ्यात मोठा पेच बैलाचा होता.

"बॉम्ब एक," मानवटकर म्हणाले. "अध्यक्ष पडले, हे समजलं. पण बैलही बसला. एका गोळीत दोघं कसे? अमेरिकेत हाच मुद्दा आहे बरं. एकच गोळी अध्यक्षाच्या आरपार गेली अन् पुढच्या माणसालाही लागली, असं आयोग म्हणतो. लोक मानत नाहीत."

"साहेब, बैल माहा हाये," शंकरसिंग मागून म्हणाला. "कोणाचंही भाषण सुरू झालं का तो बसतेच."

"मग तुम्हीच पुढे या अध्यक्षसाहेब. तुमची साक्ष राहिली."

शंकरसिंग पुढं आला, पण बसला नाही. "मेलेल्याची साक्ष कशी घेता?" तो म्हणाला. "म्या गेलो त्याच्या नंतरचं मले काय मालूम."

"आधीचं सांगा."

"आधी भाषण सुरू होतं."

"गोळी लागली तेव्हा कोणत्या वाक्यावर होतात?"

शंकरसिंगनं भांगावरून हात फिरवला. "असंच... मधलं होतं एक वाक्य."

"म्हणून दाखवा."

घनश्याम पुढं सरकला. नऊ वर्षांत पहिल्यांदा शंकरसिंगच्या कपाळावर त्याला घाम दिसत होता, आणि तो पाहून आपल्या अर्ध्या बंद नशीत काहीतरी मोकळं होतंय असं त्याला वाटलं.

"सांगून टाक न," बायकांच्या घोळक्यातून जाड आवाज आला. सरपंच भुरीबाई पंचायतीतून घरी निघाल्या होत्या, त्या वाटेत थांबल्या होत्या.

"तू घरी जाय," शंकरसिंग म्हणाला.

"काहून जाऊ? साहेब, माही साक्ष घ्या. याले भाषण आलंच नव्हतं. आठ दिवस म्या घोकून घेतलं, पहिल्या ओळीच्या पुढं गाडी जाये नाई. मीच म्हटलं होतं, नाई आठवलं तं पडून जाजो. हा बाबा दुसऱ्याच ओळीले पडला. आता पडलेल्या माणसाले गोळी नाई लागली तं गाव हासन, म्हणून म्या बंडीच्या चाकाआडून याले म्हटलं," त्यांनी उकंडाकडे बोट केलं, "लाव बे."

"म्या तं गडीमाणसाचा आवाज समजलो," उकंडा म्हणाला.

"तू आवाज समज नाईतं काही समज. नऊ वर्सं झाले साहेब. मेला म्हणून या माणसानं वखराले हात लावला नाई. वावरात चाल म्हटलं का म्हणते, अध्यक्षाले शोभत नाई. सरपंचकी मी करू, निंदण मी करू, अन् हा मरून बसला."

हसण्याचा लोट ओसरायला बराच वेळ गेला. शंकरसिंग टपरीच्या खांबाकडे पाहत उभा होता. मानवटकरांनी घसा साफ केला आणि निष्कर्ष तोंडी जाहीर केला: अध्यक्ष आधी पडले, आवाज मागाहून झाला, बंदूक सगळ्यांत शेवटी निघाली. कट होता, घरातलाच होता. मारेकरी निर्दोष.

घनश्यामला वाटलं आता डॉक्टरला फोन करून सांगावं. तो बाकावर नीट मांडी घालून बसला, बऱ्याच वर्षांनी.

"मंग मारेकरी," उकंडानं विचारलं, "च्या घेता काय?"

"अबे, आताच तं ठरलं न."

"ठरलं तं ठरलं. पण दंडार कुठी झाली?"

घनश्यामनं मानवटकरांकडे पाहिलं. मानवटकर पेपरात पाहत होते. भोवतालच्या माणसांनीही माना हलवल्या. त्यात कोणाचा खोडसाळपणा नव्हता. खरं काय ते आयोगानं ठरवावं, नाव काय ते दंडारीनं. दोन खाती वेगळी होती.

त्या दिवाळीला मग दंडार झालीच पाहिजे असं घनश्यामनं मनावर घेतलं. घरोघर फिरला. जयानं एकदा विचारलं, "अवो, डॉक्टरनं आराम सांगितला न?" तो म्हणाला, "आरामासाठीच फिरून राह्यलो." गावही तयार झालं. कापूस यंदाही यथातथाच होता, पण नऊ वर्षं वाट पाहून काही सुधारत नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. विषय तोच ठेवायचा, फक्त या वेळी नीट करायचा. सोंगं मात्र उलटी. केनेडी घनश्याम. मारेकरी शंकरसिंग. त्याला आग्रह करावा लागला नाही. टपरीवरच्या त्या साक्षीपासून त्याला कोणाला तरी गोळी घालायचीच होती.

रात्री भारनियमन. अंधारात बॉम्बची वात सापडत नाही, म्हणून दंडार भर दुपारी ठेवली. ढोलकी झाली, नाच झाला, सरकारला टोमणे मारून झाले. बंडी मैदानात आली. तोच बैल, आता म्हातारा. जॅकलीनचं सोंग घ्यायला या वेळी कोणी मिळालं नाही, तेव्हा केनेडी एकटाच आला. घनश्यामच्या अंगात जावयाचा कोट होता.

भाषण त्याला तोंडपाठ होतं. "माझ्या प्रिय अमेरिकावासीयांनो," तो म्हणाला, आणि बैल बसला. एकेक ओळ बिनचूक येत गेली. मानवटकर पहिल्या रांगेत ओठ हलवत होते. शेवटची ओळ राहिली तेव्हा घनश्यामनं एकदा मचाणाकडे पाहिलं. शंकरसिंगनं नेम धरला होता, आणि त्याच्या डोळ्यांत सोंग दिसत नव्हतं. बंडीमागं उकंडा पेटलेली उदबत्ती घेऊन बसला होता. बॉम्ब या वेळी मोठा आणला होता, मागची कसर भरून काढायला. घनश्यामला एकदम आठवलं की मोठ्या आवाजाबद्दल डॉक्टरला विचारायचं राहिलं.

"जय अमेरिका" त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"अन् दुसरी गोष्ट म्हणजे," तो म्हणाला.

मानवटकरांचे ओठ थांबले. कागदावर दुसरी गोष्ट नव्हती.

"दुसरी गोष्ट म्हणजे, अमेरिकावासीहो, तुमच्याकडं बी कापूस हाये म्हणते. त्या डॅलसच्या अंगानं कापूसच कापूस हाये, साहेबानं सांगितलं. तुमचं सरकार तुमच्या मांगं उभं राह्यते. आमचं बी उभं हाये. पण कुठी उभं हाये, ते आमाले दिसत नाई."

लोक हसले. घनश्यामला बरं वाटलं; हसणारे लोक गोळीची आठवण करून देत नाहीत. तो बोलत राहिला. कापूस संकलन केंद्रावरच्या वजनाबद्दल बोलला, बियाण्याच्या पाकिटावरच्या चित्राबद्दल बोलला, त्या चित्रातला माणूस इतका हसतो तो कोणत्या तालुक्यातला, असं त्यानं विचारलं. थांबलं की मरायचं, म्हणून थांबत नव्हता. आणि असं बोलता बोलता, ज्याकडे जायचं त्याच्या मनात नव्हतं तिथं तो येऊन पोचला.

"नऊ वर्सं तुमी मले मारेकरी म्हणता," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "एक माणूस मेला, तोही खोटा. त्याच्यासाठी आयोग बसवला. साक्षी झाल्या. बैलाची बी चौकशी झाली. आपल्या शिवारातले चौघं गेले. ते तं खरे गेले. त्याईच्या घरी साहेब आले, पात्र का अपात्र तेवढं पाह्यलं, च्या पिऊन गेले. त्याईले कोनं मारलं, हे कोणी इचारलं काय? तुमी इचारलं? म्या तरी इचारलं काय?"

बायकांच्या बाजूला एकीनं पदर तोंडाशी नेला. मचाणावर शंकरसिंगनं बंदूक हळूच खांबाला टेकवली. उकंडाच्या हातातली उदबत्ती जळून बोटापर्यंत आली होती, ती त्यानं मातीत खुपसली. घनश्याम पुढं काय बोलावं ते शोधत होता. एवढं बोलल्यावर काहीतरी बोलायला हवं, हे त्याला कळत होतं, आणि समोर सारं गाव त्याचीच वाट पाहत होतं.

तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा दिवा लागला.

"लाइन आली," कोणीतरी म्हणालं.

लाइन दोन तास राहायची, कधी एक. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, गव्हाची ओलवण व्हायची होती. गाव उठलं आणि ज्याच्या त्याच्या मोटारीकडे धावलं. मानवटकरही गेले, त्यांचीही एक टाकी होती. मचाणावरून उतरून शंकरसिंग पळाला, त्याच्यामागून भुरीबाई ओरडत होत्या, "आता तरी बटन दाब जाऊन." मैदानात बंडी राहिली, बसलेला बैल राहिला, आणि जावयाच्या कोटात अमेरिकेचा अध्यक्ष राहिला, ज्याला कोणी गोळी घातली नव्हती.

सकाळी तो टपरीवर गेला तेव्हा त्यानं चाल जरा मोकळी ठेवली होती. उकंडानं कप पुढं केला.

"घ्या पुढारी."

"पुढारी?" घनश्याम म्हणाला. "अध्यक्ष म्हण न. शंकरसिंगले अध्यक्ष म्हणत होता."

"तो मेला होता." उकंडानं कप खाली ठेवला. "तुमी कुठी मेले? तुमी भाषण केलं, डोळ्यात पाणी आणलं, अन् लाइन आल्यावर काय झालं, काहीच नाई. त्याले पुढारीच म्हणते."

मेला असता तर तो अध्यक्ष झाला असता. न मेल्यामुळे पुढारी झाला. आणि त्या वर्षी आमच्या भागात यापेक्षा वाईट नाव दुसरं नव्हतं. आठवड्याभरात घनश्यामला ते पटलं. जिनिंगवर त्याला कोणी पुढं जाऊ दिलं नाही. "पुढारी हाये, रांगेत उभं राहू द्या एकदा," असं कोणीतरी म्हणालं आणि रांग समाधानानं हसली. दुसरीकडे सकाळ-संध्याकाळ त्याच्या दारात माणसं येऊ लागली. कोणाचं रेशनकार्ड, कोणाचा ट्रान्सफॉर्मर, कोणाचा बांध. त्याला यातलं काही करता येत नव्हतं. तो म्हणायचा, "पाहतो." हे ऐकून लोक एकमेकांकडे पाहून मान हलवत. नाव बरोबर ठेवलंय याची त्यांना खातरी पटे. एसटीचा कंडक्टरही शिकला. फाट्यावर ओरडताना त्याचा सूर आता पूर्वीसारखा आदराचा राहिला नव्हता.

"मारेकरी बरा होता," जया एका दुपारी तूर निवडत म्हणाली. "घरी तं राहे."

"अन् म्या मेल्यावर?"

"मेल्यावर काय?"

"लोक म्हणतीन, पुढारी गेला. कोणाच्या डोळ्यात पाणी येईन काय वं?"

जयानं सुपातला खडा काढून फेकला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "काही काही लोक पेढे बी वाटतीन," ती म्हणाली.

घनश्याम उठून थेट टपरीवर गेला. मानवटकर पेपर वाचत होते.

"साहेब, येत्या दिवाळीले दंडार हाये न?"

"लोक म्हणत तर आहेत. पुन्हा पुढारी नको म्हणतात. जुना रावणच बरा. पण सोंगं वाटली गेली, पुढारी, तुम्ही आज आलात. शंकरसिंगनं रावण घेतला, भुरीबाईनंच घ्यायला लावला. म्हणे दहा तोंडं असली तरी वीस हात तर येतील." मानवटकरांनी बोटांवर हिशेब केला. "राहिलं म्हणजे एकच राहिलं."

"कोणतं?"

"गाढवाचं. पण ते तुम्हाला..."

घनश्याम बाकावर बसला. त्याला ती पंगत आठवली, पत्रावळीवर टपटप गळणारे आसू, नाक ओढणारे दांडगे पुरुष, आणि तो म्हातारा. असा गाढव या गावात पुन्हा होणार नाही. नऊ वर्षांत त्या चौघांच्या तेरव्या झाल्या, पण कोणासाठी गाव इतकं मोकळं रडलेलं त्याला आठवेना.

"मी घेतो," तो म्हणाला.

"नक्की?"

"आमच्या घराण्यात हाये ते." त्यानं उकंडाकडे पाहिलं. "च्या दे बे. अन् दिवाळीपर्यंत मले काही होऊ नये म्हणून साखर जरा कमीच टाक."